दॉर्दोन्य ते लॉत: फ्रान्समधल्या डोंगराळ गावांतून सायकल भटकंती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात दॉर्दोन्य आणि लॉत या दोन नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वळणं घेत वाहतात. दोघींच्या मध्ये चुनखडीचं उंच, कोरडं पठार आहे. तिथले लोक त्याला कॉस म्हणतात. नद्यांनी हे पठार खोल चिरत नेलं आहे आणि त्या कड्यांच्या धारेवर, पोटात, पायथ्याशी मध्ययुगातली गावं अजून उभी आहेत, नांदती आहेत. खालचे प्रश्न सायकलवाल्या मित्रमंडळींकडून सतत येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

फ्रान्स म्हटलं की आल्प्स, पिरेनीज. मग हाच भाग का?

आल्प्समध्ये तुम्ही घाट चढायला जाता. इथे गावं बघायला जाता आणि घाट आपोआप पदरात पडतात. पठाराची उंची साधारण ३०० ते ४०० मीटर. आकडा बघून कुणी घाबरणार नाही. पण रस्ता नदीकाठी उतरतो, पूल ओलांडतो, पुन्हा पठारावर चढतो, पुढच्या ओढ्यासाठी पुन्हा उतरतो. एकेक चढ दीड-दोन, फार तर चार किलोमीटरचा. दिवसभरात असे पाच-सहा झाले की संध्याकाळी पायात गोळे येतात.

बाकी कारण सरळ आहे. रस्ते चांगले, वाहनं तुरळक, दर दहा-पंधरा किलोमीटरवर गाव, आणि त्यातलं एखादं सहज आठशे वर्षं जुनं.

गावं नेमकी चढाच्या टोकालाच का असतात?

हा प्रश्न बहुतेकांना चढताना पडतो, तोही चिडून. उत्तर इतिहासात आहे. १३३७ ते १४५३ या काळात इंग्लंड आणि फ्रान्सच्या राजांमध्ये जे शंभर वर्षांचं युद्ध चाललं, त्यात हा प्रदेश सरहद्दीचा होता. आज इंग्रजांकडे, उद्या फ्रेंचांकडे. दॉर्दोन्यच्या एका काठावर बेनाकचा किल्ला फ्रेंचांचा, तर पलीकडे कास्तेलनोचा किल्ला इंग्रजांच्या बाजूचा. सायकलवरून दोन्ही एकाच नजरेत दिसतात. अशा मुलखात सपाटीवर कोण राहणार?

त्याच्याही आधीपासून नवी तटबंदीची गावं आखून वसवण्याची रीत इथे होती. त्यांना बास्तिद म्हणतात: मध्ये चौक, काटकोनात गल्ल्या, भोवती भिंत. डोम हे गाव फ्रान्सच्या राजाने १२८१ मध्ये नदीच्या डोक्यावर वसवलं. तिथल्या वेशीच्या बुरुजात टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदारांना १३०७ नंतर कैदेत ठेवलं होतं, आणि त्यांनी दगडावर कोरलेल्या खुणा अजून दाखवतात. दक्षिणेला तार्न भागातलं कोर्द-स्युर-सियेल १२२२ मध्ये तुलूजच्या काउंटने उभारलं. तिथला चढ दगडी फरसबंदीचा आहे. सायकल हातात धरून चढलात तरी कुणी नावं ठेवणार नाही.

म्हणून इथे दिवसाचं गणित किलोमीटरवर बांधू नका, चढाईच्या मीटरवर बांधा. सामानासकट दिवसाला ८०० मीटर चढाई म्हणजे भरपूर झाली. मग अंतर ३५ किलोमीटर निघो की ६०.

मी पुण्यात २०० किलोमीटरचं ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांत पूर्ण केलंय. मला हा मार्ग फारच सोपा वाटेल का?

दम पुरेल, शंकाच नाही. सवय वेगळी लागेल. आपल्याकडे घाट म्हणजे एकदा लागला की लांबवर एकसारखा चढतो, लय सापडते, आणि माथ्यावर चहा मिळतो. इथले चढ लय सापडण्याआधीच संपतात, माथ्यावर चहा नसतो, आणि उतार लगेच सुरू होतो. शिवाय मागे पंधरा किलोचं सामान.

ब्रेवेवाल्यांची खरी अडचण वेगळीच असते. खाली सुचवलेला पूर्ण मार्ग दोनशे ते अडीचशे किलोमीटरचा आहे. तो दोन दिवसांत उरकता येईल, आणि उरकला तर गावांपैकी काहीच पाहून होणार नाही. घड्याळ लावून यायचं असेल तर चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जा. आपल्याकडचे कितीतरी जण जातात. इथे सात-आठ दिवस द्या.

मार्ग कसा आखावा?

पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही ब्रीव्ह ते काऑर सुचवतो. दोन्ही ठिकाणी पॅरिस–तुलूज मार्गावरची रेल्वे स्टेशनं आहेत, त्यामुळे परत त्याच वाटेने यावं लागत नाही.

ब्रीव्हहून पहिला मुक्काम कोलोंज-ला-रूज. अख्खं गाव लाल वालुकाश्माचं, दगडातल्या लोहामुळे. हा सगळा परिसर त्युरेन नावाच्या सरंजामी जहागिरीत होता. तिचा मालक राजाला कर देत नसे. १७३८ मध्ये पंधराव्या लुईने ती विकत घेतली तेव्हा ही चैन संपली. कोलोंजमधली बुरुजवाली ऐटदार घरं याच जहागिरीच्या अधिकाऱ्यांची. दुपारी बसगाड्या येतात. संध्याकाळी सहानंतर गाव तुमचं.

दुसऱ्या दिवशी दॉर्दोन्यकाठी कारेनाक. तिसऱ्या दिवशी लूब्रेसाक आणि ओत्वार ही गावं बघत पठारावर चढा. हा मार्गातला सर्वांत लांब चढांपैकी एक आहे, तो सकाळीच उरकून घ्या. वर पादिराकचं विवर लागतं: जमिनीला पडलेलं ७५ मीटर खोल भोक, तळाशी नदी आणि तिच्यावर होड्या. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा संशोधक १८८९ मध्ये पहिल्यांदा तिथे उतरला. आत तापमान १३ अंशांच्या आसपास असतं. घामाने भिजलेल्या जर्सीत उतरू नका, जाकीट बरोबर घ्या. तिथून रोकामादूर.

रोकामादूरहून ग्रामा गावातून पठार ओलांडत फिजाक. हा दिवस जवळपास पन्नास किलोमीटरचा आणि सावली नसलेला. फिजाकहून सेले नदीच्या काठाने काब्रेरे, मग सँ-सिर-लापोपी, आणि शेवटी लॉतच्या काठाने काऑर.

हाताशी दोन दिवस जास्त असतील तर फिजाकहून कोंकला जाऊन या. तिथल्या मठाच्या दारावर अंतिम न्यायाचा देखावा कोरलेला आहे. त्यात १२४ आकृत्या आहेत, आणि नरकाची बाजू स्वर्गापेक्षा कितीतरी रंगतदार. आतल्या खिडक्या पियेर सुलाज या चित्रकाराने केलेल्या, १९९४ मध्ये बसवलेल्या. वाटेत चढ आहेत, आणि ते सौम्य नाहीत.

एवढं सगळं करायला वेळ नाही. एकच दिवस सायकल चालवायची असेल तर?

सेलेचं खोरं. फिजाक ते काब्रेरे, सुमारे ४५ किलोमीटर, डी-४१ क्रमांकाचा रस्ता. नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं म्हणजे एकूण उतारच, मधे किरकोळ चढ. दोन्ही बाजूंना कडे, कड्यांच्या पोटात दगड लावून बंद केलेल्या गुहा. त्यांत युद्धाच्या काळात लोक लपत. एस्पान्याकला नदीपलीकडे जुना मठ आहे, त्याच्या मनोऱ्याचा वरचा भाग लाकडी चौकटीत विटा भरून केलेला. फोटोत तो विचित्र दिसतो, समोर उभं राहिल्यावर लोभस वाटतो. पुढे मार्सियाकला अर्धं छप्पर उडालेलं मठाचं चर्च आहे. उघड्या भागात गवत वाढलंय आणि उरलेल्या भागात अजून प्रार्थना होते.

काब्रेरेच्या डोक्यावर पेश-मेर्ल ही गुहा आहे. १९२२ मध्ये गावातल्या पोरांनी ती शोधली. आत ठिपकेदार घोड्यांची चित्रं आहेत, सुमारे २९,००० वर्षांपूर्वीची. लास्को या याच भागातल्या प्रसिद्ध चित्रगुहेची मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे, तिथे प्रतिकृती दाखवतात. पेश-मेर्लला मात्र खरीखुरी भिंत समोर असते. घोड्यांभोवती हाताच्या पंज्याचे ठसे आहेत, तळहात भिंतीला टेकवून भोवती रंग फुंकून काढलेले. रोज जास्तीत जास्त ७०० माणसांनाच सोडतात, त्यामुळे उन्हाळ्यात आधी तिकीट काढूनच जा. गुहेपर्यंतचा शेवटचा चढ खडा आहे, त्यासाठी वेळ राखून ठेवा. ठरलेल्या वेळेला पोहोचला नाहीत तर गट निघून जातो.

रोकामादूरला सायकल नेता येते का?

गावापर्यंत येते, गावात नेण्यात अर्थ नाही. आल्झू ओढ्याच्या घळीवर कडा, कड्याला चिकटलेली देवळं, त्याखाली एकुलती एक गल्ली. गल्लीत गर्दी आणि वर देवळांकडे २१६ पायऱ्या. पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. काळ्या मेरीचं, म्हणजे येशूच्या आईच्या काळ्या मूर्तीचं, हे ठाणं मध्ययुगापासून प्रसिद्ध आहे. कड्यात खुपसलेली एक जुनी तलवारही दाखवत असत. ती जुन्या फ्रेंच वीरकाव्यातल्या रोलाँ या योद्ध्याची असल्याची दंतकथा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ती एके दिवशी जागेवर नव्हती. दहा मीटर उंचीवरून कुणी आणि कशी काढली याच्या गप्पा गावात आता तलवारीपेक्षा जास्त चालतात.

उत्तम उपाय म्हणजे वर लॉस्पिताले वस्तीत मुक्काम करा, सायकल तिथेच ठेवा, सकाळी लवकर पायी खाली उतरा. समोरून गावाचा पूर्ण देखावाही तिथूनच दिसतो. घळीतून लॉस्पितालेला येणारा चढ दीडेक किलोमीटरचा, सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास. २०२२ च्या टूर द फ्रान्सची विसावी स्पर्धा-फेरी, म्हणजे लाकापेल-मारिव्हाल ते रोकामादूर ही ४०.७ किलोमीटरची एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, याच चढावर संपली. वाउट व्हान आर्टने ती जिंकली. त्याच्या मागे तंबू बांधलेला नव्हता, एवढं मनाशी म्हणून चढावं.

आणि सँ-सिर-लापोपी? तिथला चढ फार वाईट आहे असं ऐकलं.

गाव नदीपासून शंभरेक मीटर वर आहे. तूर-द-फोर गावाकडून पूल ओलांडला की चढ सुरू होतो. रस्ता अरुंद, उन्हाळ्यात गाड्याही त्याच रस्त्याने, आणि गाडीवाले वाहनतळ शोधण्यात गुंग. सकाळी नऊच्या आत चढा. खालच्या कॅम्पसाइटवर तंबू टाकून मोकळी सायकल घेऊन वर गेलात तर आणखी बरं.

या गावातल्या कारागिरांचा धंदा मोठा गमतीचा होता. ते बॉक्सवुडच्या लाकडापासून पिंपांना लावायच्या तोट्या कातून काढत. खाली लॉतवरून वाइनची पिंपं होड्यांतून बोर्दोला जात, तेव्हा तोट्यांना गिऱ्हाईक घरबसल्या. काही दुकानांचे कमानदार दर्शनी भाग अजून तसेच आहेत. पुढे होड्या थांबल्या, गाव ओस पडत गेलं. अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रतों याने १९५० च्या दशकात इथे घर घेतलं आणि पुढचे उन्हाळे इथेच काढले, मग चित्रकारांची रीघ लागली. २०१२ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत हे फ्रेंचांचं सर्वांत लाडकं गाव ठरलं. त्यानंतर पर्यटकांची जी रांग लागली ती अजून हललेली नाही.

‘सर्वांत सुंदर गाव’ अशी पाटी दिसते. ती प्रत्येक गावावरच असते का?

तसं वाटतं खरं. फ्रान्समधल्या सर्वांत सुंदर गावांची संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली. तिची कल्पना कोलोंज-ला-रूजच्या महापौरांची, शार्ल सेराक यांची. लोकसंख्या २,००० च्या आत आणि किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळं, या मुख्य अटी. अशी गावं या भागात खच्चून भरली आहेत. पण पाटीमागे धावू नका. मार्तेल, एस्पान्याक, मार्सियाक यांच्यासारख्या ठिकाणी आइस्क्रीमची रांग नसते, आणि बाकावर बसलेले आजोबा खरोखर गावातलेच असतात.

कधी जावं?

मेचा मध्य ते जूनअखेर, नाहीतर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर ३५ अंशांच्या वर तापमान सहज जातं. ऊन आपल्याला नवीन नाही, पण तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि चुनखडीचा दगड दिवसभर तापत राहतो. शिवाय १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्यांच्या आसपास खोल्या मिळत नाहीत. ऑक्टोबरमध्ये झाडं सुंदर दिसतात, काजार्कला केशराचा बाजार भरतो (हो, या भागात केशर पिकतं), पण कॅम्पसाइट बंद होत आलेल्या असतात. शिवाय शिकारीचा हंगाम चालू असतो. जंगलातल्या पायवाटेवर भडक रंगाचे कपडे घाला.

मी शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, फसाल मात्र. हा बदकांचा मुलूख आहे. सार्ला या दॉर्दोन्य भागातल्या शहराच्या नावाने सार्लाचे बटाटे म्हणून जे मेनूवर दिसतात, लसूण-पार्सली घातलेले, खमंग, ते बदकाच्या चरबीत परततात. तूरँ हे लसणाचं साधंसुधं सूप, तेही पारंपरिक पद्धतीत चरबीवरच करतात. केर्सी (लॉत भागाचं जुनं नाव) पद्धतीच्या सॅलडमध्ये बदकाचं काळीज-कोथळा असतो. बटाटा आणि लसूण बघून आपण निर्धास्त होतो, तिथेच घात होतो.

मागताना नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका. ‘साँ व्हियाँद, साँ प्वासाँ, साँ ग्रेस द कानार’ असं म्हणा: मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको. आधी ‘बाँझूर’ म्हणायला विसरू नका. दुकानात, बेकरीत, वाटेत कुणी भेटलं तरी आधी बाँझूर. त्याशिवाय बोलायला सुरुवात केली तर समोरचा चेहरा पाषाणासारखा होतो.

चांगलं काय मिळतं? रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, जेमतेम ३५ ग्रॅमची चकती. ते गरम करून पावाच्या तुकड्यावर, खाली पालेभाजी, वर अक्रोड. यावर डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत हे सांगून ठेवायचं. अक्रोड तर इथलं राजेशाही पीक: अक्रोडाचं तेल, अक्रोडाचा केक, अक्रोडाचा पाव. जुन्या घाण्यावर तेल काढताना आधी अक्रोडाचा कूट कढईत भाजतात, आणि तो वास गल्लीच्या टोकापर्यंत येतो. सॅलडवर चमचाभर हे तेल घालून बघा, तळणासाठी मात्र वापरत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात केर्सीची खरबुजं, पेरिगोरची (म्हणजे दॉर्दोन्य भागाची) स्ट्रॉबेरी. कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांसाठी एक सूचना: पारंपरिक चीजमध्ये बहुधा रेनेट असतं, म्हणजे जनावराच्या जठरातला अर्क. चालतं की नाही हे घरूनच ठरवून निघा.

जेवणाच्या वेळा पाळाव्याच लागतात. दुपारी बारा ते दोन, रात्री साडेसातनंतर. अडीच वाजता भूक लागली तर ती तुमची अडचण. रविवारी दुपारनंतर किराणा दुकानं बंद, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद. रविवार-सोमवारची शिदोरी शनिवारीच भरा.

घरून खाऊ नेता येतो का?

भाजणी, मेतकूट, बाकरवडी, चिवडा खुशाल न्या. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना बंदी आहे, म्हणून साजूक तुपाची बरणी आणि पेढे घरीच ठेवा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथे घ्या. आपल्याकडे मिळणारे शेगडीचे बर्नर बहुतेक स्क्रूच्या डब्यांना बसणारे. फ्रान्सच्या खेड्यांत मात्र दाबून बसवायच्या पद्धतीचे डबे जास्त दिसतात. जोडणारा छोटा अडॅप्टर सोबत ठेवा, नाहीतर भाजणी असून थालीपीठ नाही.

पठारावर पाणी कुठे मिळतं?

कब्रस्तानात. विनोद नाही. चुनखडीत पावसाचं पाणी सरळ खाली झिरपतं, त्यामुळे वर ना ओढा ना झरा. पण प्रत्येक खेड्याच्या कब्रस्तानात फुलझाडांसाठी नळ असतो, आणि फ्रान्समधले जुनेजाणते सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याजोगं नाही. रोकामादूर ते फिजाकच्या दिवशी दोन बाटल्यांवर भागवू नका, तीन घ्या.

या पठारावर सोबतीला असतात त्या मेंढ्या. अंग पांढरं, कान काळे आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. स्थानिक लोक त्यांना ‘चष्मेवाल्या मेंढ्या’च म्हणतात. दगडी गडग्यावर सायकल टेकवून उभे राहिलात तर कळपातली एखादी भिंतीपाशी येते, दोन क्षण रोखून बघते आणि सगळ्या एकदम पळतात. शेतांच्या कडेला चुन्याशिवाय रचलेल्या गोल दगडी झोपड्या दिसतील, मेंढपाळांच्या आडोशासाठी बांधलेल्या. वळिवाच्या सरीत अजूनही कामाला येतात. रात्री आकाश बघा. लॉतच्या या कॉसवरचं आकाश फ्रान्समधल्या सर्वांत काळ्याभोर आकाशांपैकी आहे.

सायकल घरून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी?

दहा दिवसांच्या वर राहणार असाल तर घरची न्या, खोक्यात बांधून. कमी असेल तर भाड्याने. ब्रीव्ह, सार्ला, काऑर या शहरांत मिळते, उन्हाळ्यासाठी आधी नोंदवा. ई-सायकल हवी असेल तर तिथेच घ्यावी लागेल, कारण तिच्या बॅटरीला प्रवासी विमानात परवानगी नाही. गुडघे कुरकुरत असतील तर लाजू नका. चढावर तुम्हाला मागे टाकून जाणारे सत्तरीतले फ्रेंच आजी-आजोबा बहुधा ई-सायकलवरच असतात.

गिअरबाबत मात्र तडजोड नको. सामान असेल तर पुढचं सर्वांत लहान चक्र ३० दातांचं किंवा त्याहून लहान आणि मागचं सर्वांत मोठं ३४ किंवा ३६ दातांचं असावं. शर्यतीच्या सायकलचे गिअर घेऊन आलेला माणूस तिसऱ्या दिवशी सायकल ढकलताना दिसतो. टायर ३२ ते ३८ मिलिमीटर. ब्रेक पॅड नवे टाका, एक जोड जादा ठेवा. उतारावर वळणाआड ट्रॅक्टर असतो, आणि गावातली गुळगुळीत फरशी पावसात साबणासारखी होते.

रस्त्याचे कोणते नियम माहीत हवेत?

सर्वांत मोठा नियम: उजवीकडून चालवायचं. गर्दीत चूक होत नाही, कारण बाकीचे दिसतात. चूक होते ती सकाळी रिकाम्या रस्त्यावर, बेकरीतून बाहेर पडून सायकलवर बसताना. आरसा हँडलच्या डाव्या बाजूला लावा.

दुसरा नियम आपल्याला चमत्कारिक वाटतो. गावातल्या चौकात पाटी, रेघ किंवा सिग्नल नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून आलेला का असेना. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी केलेली पाटी दिसली तर मुख्य रस्त्यावर असलेल्या तुम्हाला अग्रहक्क आहे.

रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर परावर्तक जाकीट सक्तीचं. पुढचा-मागचा दिवा आणि घंटा सक्तीची. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, पण तुम्हीही घाला. कानात इअरफोन चालत नाही, दंड होतो. गाडीवाल्याने गावाबाहेर ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक जण तो पाळतात. पहिल्या दिवशी मागची गाडी हॉर्न न देता शांतपणे येत राहते, तेव्हा आपल्यालाच कसंनुसं होतं. काऑरच्या मळ्यांत वाइन चाखणाऱ्यांसाठी: रक्तातल्या मद्याची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. आणि तिथली मालबेक द्राक्षाची काळीशार वाइन हलकी नसते.

अपघात झाला तर ११२.

नकाशा मोबाइलमध्ये आहेच. कागदी नकाशा कशाला?

खोऱ्यांत रेंज जाते, हे एक. दुसरं, मिशलँ कंपनीच्या १:१५०,००० नकाशावर चढांना बाण असतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाण चढाच्या दिशेला रोखलेला असतो. लॉतसाठी ३३७ क्रमांकाचा नकाशा, दॉर्दोन्यसाठी ३२९. रात्री टेबलावर पसरून बाण मोजायचे आणि उद्या कुठून जायचं ते ठरवायचं. पांढरे आणि पिवळे रस्ते निवडा, लाल टाळा. कडेला हिरवी रेघ असेल तो रस्ता देखणा असतो. त्यावर बाणही बहुधा जास्त असतात.

मुक्कामाची सोय आणि खर्च?

गावच्या नगरपालिकेची कॅम्पसाइट सर्वांत स्वस्त, एकट्याला साधारण १० ते २० युरो. फिजाक आणि काऑर ही गावं स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावर आहेत. त्यामुळे त्या वाटेवर झीत देताप, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या साध्या खोल्या, भरपूर. रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून साधारण ४५ ते ६० युरो पडतात. सगळे एका टेबलावर जेवतात, आणि तुम्ही कुठून आलात याची चौकशी सुपापासून चीजपर्यंत चालते. आधी फोन करून शाकाहारी असल्याचं सांगितलं तर तिथल्या मालकीणबाई आवर्जून काहीतरी करतात. ऐन वेळी सांगितलं तर आम्लेट.

‘अक्की व्हेलो’ अशी खूण असलेल्या ठिकाणी सायकल कुलपात ठेवायची सोय आणि दुरुस्तीची हत्यारं असतात.

व्हिसा आणि रेल्वे?

शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विमा घेताना सायकलप्रवास त्यात बसतो का ते वाचा. मुक्काम रोज बदलणार असल्याने अर्जासोबत तारीखवार आराखडा जोडा.

पॅरिसच्या ऑस्तेर्लिट्झ स्टेशनवरून ब्रीव्ह साडेचार-पाच तास. या इंटरसिटे गाड्यांत सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि जागा मोजक्या असतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल सहसा फुकट जाते.

बरोबर बायको किंवा आईवडील आहेत, ते सायकल चालवणार नाहीत. जमेल का?

जमेल, फक्त आखणी वेगळी करावी लागेल. रोज मुक्काम हलवण्याऐवजी सार्लाला चार रात्री आणि काऑरला तीन रात्री राहा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. घरच्यांना तिथे सोडून तुम्ही डोम, ला रॉक-गाजाक, बेनाक असा फेरा मारून जेवायच्या वेळेला परत येता. सपाट रस्त्यावर त्यांनाही थोडी सायकल चालवायची हौस आली तर सार्लाहून जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलरस्ता आहे, सुमारे २५ किलोमीटर, काझुलेपर्यंत.

काऑरला व्हालाँत्रे पूल पायी फिरायला छान आहे: तीन मनोरे, १३०८ मध्ये सुरू झालेलं बांधकाम, आणि बांधकाम लांबलं म्हणून गवंड्याने सैतानाशी केलेल्या कराराची गोष्ट. कामात मदत कर, मोबदल्यात माझा आत्मा घे, असा सौदा. शेवटचं काम म्हणून गवंड्याने सैतानाला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं. हरलेला सैतान मग रोज रात्री मधल्या मनोऱ्याच्या टोकाचा एक दगड काढून नेई. १८७९ च्या दुरुस्तीच्या वेळी वास्तुविशारद पोल गू यांनी त्या जागी दगडात अडकलेला छोटा सैतानच कोरून बसवला. खालून तो दिसायला दुर्बीण लागते, आईवडिलांच्या पर्समध्ये ती टाकून द्या. पुलाच्या पूर्वेकडून रेल्वे स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे.